परम्याची लस

पूर्णिमाने नववा प्रश्न वाचला आणि नजर कागदावरच ठेवली.

"गेल्या दोन वर्षांत तुमचे किती जणांशी शरीरसंबंध आले?"

समोर बसलेला जालिंदर खाडे तिच्या वडिलांच्या वयाचा होता. साइटवर पन्नास टनी क्रेन चालवणारा माणूस, पण दवाखान्याच्या त्या छोट्या खोलीत आपले दोन हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. त्याने अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवला आणि ओठ हलवत मोजायला सुरुवात केली. एका हाताची पेरं संपली. तो दुसऱ्या हाताकडे वळला.

"सत्तावीस," तो म्हणाला.

अशा वेळी चेहरा कोरा ठेवायचा असतो, हे पूर्णिमाला ट्रेनिंगमध्ये तीन वेळा सांगितलं होतं. चेहरा तिने ठेवला. आवाजाचं मात्र काही जमलं नाही.

"सत्तावीस जणी?"

"आवो न्हाय, ताई!" जालिंदर खुर्चीतून अर्धा उठला. "सत्तावीस दिवस! गावाकडं गेल्तो त्याचे. सुट्टी महिन्याची व्हती, तीन दिवस जाण्यायेण्यात गेले. माणूस एकच. लक्ष्मी. मंडळी हाय माझी."

हसायचं नाही, हेही ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पूर्णिमा हसली, जालिंदरही कानापर्यंत लाल होऊन हसला, आणि तिने चौकटीत 'एक' लिहिलं. मग तिने फॉर्म बाजूला ठेवून, फॉर्मवर नसलेलं विचारलं.

"काका, काकूंना सांगितलंय ना? तुम्ही ह्यात भाग घेताय म्हणून?"

जालिंदरने वर एसीकडे पाहिलं.

"सांगीन की," तो म्हणाला.

हे सगळं सुरू झालं ते आदल्या शुक्रवारी. बरवा अल बराहा या दोहाजवळच्या कामगार वसाहतीत दुपारची जेवणं झाल्यावर पूर्णिमा मराठी माणसांशी बोलायला आली होती. ती मूळची साताऱ्याची, दोहात दोन वर्षांच्या कंत्राटावर आलेली नर्स. गोनोरिया नावाचा आजार आहे, ती सांगत होती. त्याला औषध आहे, पण एकेक औषध आता लागू पडेनासं झालंय. म्हणून लस शोधायची आहे, आणि ती आधी निरोगी माणसांना देऊन सुरक्षित आहे की नाही ते बघायचं आहे. मंडळी मन लावून ऐकत होती. गोनोरिया म्हणजे मलेरियाचाच कुणी चुलतभाऊ असावा, अशा समजुतीने दोघातिघांनी फॉर्मसाठी हातही पुढे केले होते. तेवढ्यात म्हाताऱ्या किसन सुताराने विचारलं, "ताई, हा गोनोरिया म्हंजी आपला परमा का वो?"

"हो काका, तोच."

परमा हा गुप्तरोग कसा लागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस माणसांना एकाच वेळी खाली बघण्यासारखं काहीतरी सापडलं. पुढे आलेले हात मागे गेले. पूर्णिमा फॉर्मांचा गठ्ठा आणि पेन पुढे करून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी सुकत चाललं होतं. जालिंदरची थोरली मुलगी एकदा कॉलेजात भाषण विसरून अशीच उभी राहिली होती. ते काही त्याला बघवेना. त्याने हात वर केला. विज्ञानाचं त्या क्षणी त्याच्या डोक्यात काहीही नव्हतं.

त्यानंतर कॅम्पातल्या खोलीत त्याचं जगणं मुश्कील झालं. खोलीतले तिघं त्याची विचारपूस करू लागले, तीही फार प्रेमाने. सगळ्यांत पुढे सुदाम. तो त्याच्याच गावचा, त्याच्याच गल्लीतला, एसी मेकॅनिक.

"खलास! जालिंदर कामातनं गेला," तो रोज कामावरून आल्यावर जाहीर करायचा आणि स्वतःचा टॉवेल उचलून लांबच्या खिळ्याला अडकवायचा.

जालिंदर हसण्यावारी न्यायचा. थट्टेचं त्याला काही नव्हतं. धास्ती होती ती लक्ष्मीबाईची. रोज संध्याकाळी साडेपाचला, तो कंपनीच्या बसमध्ये बसला की तिचा फोन यायचा. तीन दिवस त्याने सांगायची तयारी केली आणि तिन्ही दिवस ऐन वेळी बोअरच्या मोटारीची चौकशी केली. अशी लस ज्याला काही लागलंय तोच घेणार, असंच कुणालाही वाटेल. मग वीस वर्षं परदेशात एकटा राहिलेला नवरा काय तोंडाने सांगणार, की मी नुसता हात वर केला?

सुदामच्या पोटात मात्र काही राहत नाही. त्याने हसत हसत ती गोष्ट बायकोला, बबीताला सांगितली. बबीताने ती गिरणीत सांगितली. मंगळवारी साडेपाचला जालिंदरचा फोन वाजला नाही.

त्याने स्वतः लावला. धाकट्या मुलीने उचलला.

"आई देवळात गेलीय."

बुधवारीही आई देवळात होती, आणि गुरुवारीही. तीन दिवस देवळात बसून राहण्याइतकी लक्ष्मीबाई देवभोळी नव्हती. जालिंदरला जेवण जाईना. क्रेनच्या केबिनमध्ये तो एकटाच असायचा, तिथे त्याने तिला निदान दहा प्रकारे समजावून सांगितलं, आणि दहाही वेळा आपलंच म्हणणं आपल्याला पटत नाही असं त्याला वाटलं.

शुक्रवारी सकाळी तो दवाखान्यात आला तेव्हा पूर्णिमाच्या हातात त्याचे रिपोर्ट होते.

"सगळं उत्तम आहे, काका. तुमची निवड झाली."

त्याने नुसती मान हलवली. मग राहवलं नाही, म्हणून सगळं सांगून टाकलं. गिरणी, देऊळ, तीन दिवस. पूर्णिमाने ट्रे खाली ठेवला.

"मग आज नको. ह्यातून कधीही बाहेर पडता येतं. आत्ताही. मी अजिबात वाईट वाटून घेणार नाही."

वाईट तिला वाटलंच असतं. आठवडाभर चार कॅम्प फिरून तिच्या यादीत मराठी नाव एवढं एकच होतं.

"शब्द दिलाय न्हवं," जालिंदर म्हणाला, आणि बाही वर करू लागला.

लस टोचायला एक मिनिटही लागलं नाही. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसायचं होतं, काही त्रास होतो का ते बघायला. पूर्णिमा घड्याळ लावून शेजारच्या खुर्चीत बसली. दहाव्या मिनिटाला जालिंदरचा फोन वाजला. लक्ष्मीबाई. आणि व्हिडिओ कॉल, जो ती कधीही करत नसे, कारण त्यात आपलं नाक मोठं दिसतं असं तिचं म्हणणं होतं.

तो उठायला गेला. पूर्णिमाने बोटानेच खाली बसायची खूण केली. अर्धा तास म्हणजे अर्धा तास.

"कुठं हायसा?" लक्ष्मीबाईने विचारलं.

"दवाखान्यात."

"टोचली?"

"टोचली."

"मला बबीताच्या तोंडून कळावं? भर गिरणीत? डोक्यावर पिठाचा डबा घिऊन हुबी हाय मी, आन् ती सांगतीया."

"लाज वाटली गं."

"लाज वाटण्यासारकं काय केलंया का?"

"न्हाय! तुझी शपथ, न्हाय. ह्या ताईस्नी इचार. समदं तपासलंय. रगत, लघवी, समदं."

"द्या त्यांच्याकडं."

त्याने फोन पूर्णिमाच्या समोर धरला. तिने ओढणी सारखी केली, नमस्कार केला.

"काकू, कुणाच्या तपासणीत काय निघालं हे मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. नियम आहे."

"सांगा की ताई!" जालिंदर कळवळला. "मी सही करून देतो."

"त्यांचं ऱ्हाऊ द्या," लक्ष्मीबाई म्हणाली. "त्यांचं माझं मी बघते. मला दुसरंच इचारायचं हाय. हा परमा बाईला झाला, तर बाईला कळतं का?"

पूर्णिमा फोनच्या जवळ सरकली.

"बऱ्याचदा नाही कळत, काकू. आतल्या आत वाढत राहतो. मग पुढे दिवस राहायला अडचण येते. बाळाच्या डोळ्यांनाही धोका असतो."

लक्ष्मीबाईने मान मागे वळवली. "आयकलं का गं?" असं तिने कुणाला तरी विचारलं, आणि फोन हलला. आता जालिंदरला ती कुठे बसली आहे ते दिसलं. घरची ओसरी बायकांनी भरली होती. ट्रकवर जाणाऱ्या गजेंद्रची बायको होती, दुबईला गेलेल्या दोघा भावांच्या बायका होत्या, ताहेरुन्निसा भाभी होती. आणि अगदी पुढे, तोंडाला पदर लावून हसत, सुदामची बबीता बसली होती. तीन दिवस चाललेलं देऊळ कुठलं, ते जालिंदरला कळलं.

"मग ही लस बायकांना कवा देणार?" लक्ष्मीबाईने विचारलं.

"काकू, हा अजून पहिलाच टप्पा आहे. ती कामाची आहे की नाही हेसुद्धा अजून माहीत नाही. खूप वर्षं लागतील."

"लागू द्यात. शेळ्यांना लस आजार यायच्या आदुगर टोचत्यात, आल्यावर न्हाय. आमी थांबतो. तुमी नावं लिवून घ्या."

"अशी यादी नसते हो काकू..."

"मग आता करा."

आपल्या कामाबद्दल पूर्णिमाने कितीतरी खोल्यांत, कितीतरी माणसांसमोर सांगितलं होतं, पण ही लस कधी मिळेल असं तिला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. असल्या यादीला कुणीही विचारणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तरी तिने प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला आणि मांडीवर घेतला.

"सांगा," ती म्हणाली. "पहिलं नाव कुणाचं?"

बबीताला कोपराने कोण आधी ढोसणार, याची ओसरीवर धांदल उडाली. सुदामचा चेहरा कसा होईल या कल्पनेने जालिंदरला इतकं हसू फुटलं, की फोन धरलेला हात हलायला लागला.

"माझं," लक्ष्मीबाई म्हणाली.

जालिंदरचं हसू थांबलं.

"अगं, पर मला तर काय..."

"तुमी चांगलं हायसा. मला ठावं हाय."

"मग?"

"मग काय? तुमी तिकडं, मी हिकडं. लस आदुगरच टोचत्यात. लिवा ताई."

पूर्णिमाचं पेन कागदावर टेकलं, पण पुढे सरकलं नाही. तिने जालिंदरकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं होतं, ते लपत नव्हतं. तो फोनमधल्या बायकोकडे बघत राहिला. ती त्याच्याकडेच बघत होती, रागाने नाही, रोज साडेपाचच्या फोनवर बोलायची तितक्याच सहजपणे. मग त्याने घसा खाकरला.

"लिवा ताई. लक्ष्मीबाई जालिंदर खाडे. वय चव्वेचाळीस."

"बेचाळीस!" तिकडून आवाज आला, आणि ओसरीवर हशा पिकला.