राजमुकुट आणि गोदातारा

धोंडप्पा गेले ते सकाळी, दुकानाला निघायच्या तयारीत असताना. मुरुडच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान. वय ऐंशीच्या पुढचं. त्यामुळे गाव हळहळलं, पण कुणाला धक्का असा बसला नाही. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून त्यांना ओसरीवर भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. अंगणात त्यांना बसवून न्यायच्या विमानाला केळीचे खुंट बांधायचं काम सुरू झालं. चार वाजता निघायचं, असं स्वामींनी सांगितलं. सगळं ठरलं, राहिला तो बँड.

या घरात बँड ही साधी गोष्ट नव्हती. धोंडप्पांची बायको सिद्धम्मा नांदेडची. लग्नात वराकडून लातूरचा राजमुकुट बँड आला, आणि सिद्धम्माच्या वडलांनीही हौसेनं नांदेडचा गोदातारा लावला. मंडपाच्या दारात दोन्ही बँड समोरासमोर आले आणि इरेला पेटले. कुणी थांबेना. मुहूर्त टळायची वेळ आली, पंगतीचा भात गार झाला. शेवटी माघार कुणी घेतली? धोंडप्पांच्या मते गोदातारानं, सिद्धम्माच्या मते राजमुकुटानं. हे भांडण त्यांना संसारभर पुरलं.

कुठल्याही लग्नात बसले की धोंडप्पा सुरू व्हायचे. "राजमुकुटात चाळीस माणूस होतं."

"त्यातली वीस नुसती बाजा धरून उभी," सिद्धम्मा म्हणायची.

"लोक आधी राजमुकुटाची तारीख घ्यायचे, मग पोरगी बघायचे."

"मग लातूरच्या लई पोरी बिनलग्नाच्या ऱ्हायल्या असतील."

पुढे काळ फिरला. आधी बँजो पार्टी आली, मग डीजे. गोदातारावाले हुशार. त्यांनी कीबोर्ड घेतला, गाणारी पोरगी ठेवली, दिव्यांची गाडी केली. आता त्यांचे व्हिडिओ लाखांनी बघितले जातात. राजमुकुटवाले अडेल. क्लॅरनेट-ट्रंपेटशिवाय काही वाजवणार नाही म्हणाले आणि बसले घरी. नात अंजूनं एकदा मोबाइलवर शोधलं, तर राजमुकुटाचा साधा फोटोही सापडला नाही. सिद्धम्मा तेव्हा आठवडाभर खुशीत होती. धोंडप्पा एवढंच म्हणाले, "तुझ्या गोदातारात पाटी तेवढी जुनी, आत समदा डीजे. तो बी मेलाच की! फक्त तुला कुणी कळवलं न्हाई." हे तिला झोंबलं. थोडंफार खरं होतं म्हणूनच झोंबलं.

तर आता धोंडप्पांना कुठल्या बँडनं न्यायचं, हा प्रश्न होता, आणि पहिल्यांदाच निकाल एकट्या सिद्धम्माच्या हातात होता. दुपारी नांदेडहून तिचा भाचा मलप्पा आला. आत्याच्या पाया पडला, थोडा रडला आणि लगेच कामाला लागला.

"आत्या, गोदातारा आज लातूरलाच लग्नात हाय. मालक माझ्या वळखीचा. तिथलं उरकलं की तासाभरात इथं येतेत. करू का फोन?"

मुलगा उमाशंकर चाचरला. "अव्वा, अप्पांना चाललं असतं का?"

"त्यांना कोन इचारून ऱ्हायलंय?" सिद्धम्मा म्हणाली. "कर रे मलप्पा फोन."

खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांचं भांडण आणि शेवटची सरशी तिची. ती ओसरीवर जाऊन नवऱ्याशेजारी बसली, त्यांच्या गळ्यातला हार सारखा केला आणि सवयीनं बोलून गेली, "बघा, माझाच बँड आला का न्हाई शेवटी?"

आणि ती उत्तराची वाट बघत राहिली. धोंडप्पा रोज बसायचे तसेच बसले होते, पाठ भिंतीला, हात मांडीवर. असं काही ऐकून ते गप्प राहिले, असं एकदाही झालं नव्हतं. मग तिला कळलं, आता उत्तर यायचं नाही. सकाळपासून लोक येत होते, गळ्यात पडून रडत होते, तरी तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"मलप्पा," तिनं हाक मारली, "तो फोन ऱ्हाऊ दे. उमाशंकर, ह्यांचा बँड आण."

"अव्वा, राजमुकुट आता हाय कुठं?"

"दगडोबा हाय की लातूरला."

दगडोबा राजमुकुटाचा क्लॅरनेटवाला. मालासाठी लातूरला गेले की धोंडप्पा त्याच्याकडे चहा घेतल्याशिवाय परतायचे नाहीत. उमाशंकरनं गाडी पाठवली. दगडोबा आला, सोबत जुना ढोलवाला. दगडोबाच्या लाल कोटाची बटणं लागत नव्हती, पुढचे दात गेलेले. "वहिनी, येवढेच उरलो," तो म्हणाला आणि धोंडप्पांपुढे डोकं टेकून रडला.

चार वाजता विमान उचललं. बायकाही मागं निघाल्या. दगडोबानं भजनाची चाल धरली. चार पावलं झाली की त्याचा दम तुटायचा, सूर फाटायचा. ढोलवाला तेवढ्यात वेळ मारून न्यायचा. पेठेतल्या माणसांनी विमानाला हात जोडले. वाजवणाऱ्यांकडे कुणी बघितलंही नाही. बस स्टँडजवळ दोन पोरं तर फिदीफिदी हसली. मलप्पाला राहवेना. तो सिद्धम्माच्या जवळ आला.

"आत्या, राग मानू नका. पन गोदातारा असता तर मुरुड दणाणलं असतं."

सिद्धम्मा चालता चालता थांबली. "दणाणायला भोंगा बी पुरतो. ही चाल ऐक. तुमच्या गोदातारात हाय का कुनी येवढं फुंकणारा?"

मलप्पा चक्रावला. "आत्या, तुम्ही तर जलमभर गोदाताराकडून भांडलात. आज मामांची बाजू घेऊन ऱ्हायलात?"

"मंग कोन घेनार? ते बोलतेत का आता?" सिद्धम्मा म्हणाली, आणि सकाळपासून कोरडे राहिलेले डोळे भर रस्त्यात वाहायला लागले.