बाबांच्या हातचा दिवा

आमच्या स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण आईबाबांच्या खोलीत आहे, बाबांच्या पलंगाशेजारी. घर बांधताना वायरमनला घालवून देऊन बाबांनी स्वतः वायरिंग केलं, त्याचा हा प्रताप. तेव्हापासून रोज संध्याकाळी आई ओट्याशी उभी राहून ओरडायची, "अहो, दिवा!" खोलीतला पंखा इतका खडखडायचा, की ओरडल्याशिवाय आत काही पोचतच नसे.

गेल्या वर्षी बाबांची उजवी बाजू गेली. यंदा मी घराचं काम काढलं. पंखे, दिवे, सगळं नवं. माझा राग नाकावर. वायरमनला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ते बटण आधी स्वयंपाकघरात घ्या. चारचौघांत हसं होतं आमचं."

"राहू दे गं," आई म्हणाली.

"अंधारात धडपडलीस म्हणजे?"

माझ्यापुढे कुणाचं काय चालणार?

काम झालं. संध्याकाळी मी ऐटीत नवं बटण दाबलं. स्वयंपाकघर लख्ख झालं. आता कौतुक होईल म्हणून मी थांबले, तर आतून बाबांचा आवाज आला, "अगं, आज दिवा नको का?"

मी आत डोकावले. जुन्या बटणाच्या जागी बसवलेल्या कोऱ्या झाकणावर बाबा डावा हात फिरवत होते.

आईनं मला बाजूला घेतलं. "अंघोळ मी घालते, घास तू भरवतेस. त्यांनी माझ्यासाठी करावं असं एवढं एकच उरलं होतं गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी वायरमनला परत बोलावलं. तो वैतागला. "ताई, काल इकडं, आज तिकडं? बरं, दोन्हीकडून लागेल असं करू?"

"नको. मूळची चूक होती, तश्शी करून द्या."

त्यानं कपाळाला हात लावला, पण करून दिली.

संध्याकाळी आईनं सवयीनं छाती भरून हाक मारली, "अहो, दिवा!"

"ओरडतेस कशाला?" आतून बाबा म्हणाले. "नवा पंखा आवाज करत नाही." आणि दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते. अंधारून आलं तशी आई हळूच, लग्न नुकतंच झाल्यासारखी, नुसतं "अहो" म्हणाली.

दिवा लागला.