सड्यावरचा कॅमेरा

धाकूला पुतणीचा तो कॅमेरा पहिल्या दिवसापासून खुपत होता. मृणाली पुण्याच्या एका संस्थेत नोकरीला. दुर्बीण आणि तो डबा घेऊन ती थेट सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या आंब्याच्या बागेत उतरली. इथली हवा शांत म्हणे. हवेसाठी कोणी पुण्याहून येतं?

"काका, हवा हलते म्हणून तारा थरथरतो," ती समजावत होती. "हा इन्फ्रारेड कॅमेरा सेकंदाला हजारभर फोटो काढतो, स्वतःच्या विजेची खरखर त्यात न मिसळता. त्यावरून दुर्बिणीतला आरसा थरथरीच्या उलट वाकतो, की तारा स्थिर. डोळ्यांना न दिसणारा उजेडही याला दिसतो."

धाकूच्या डोक्यात शेवटचं तेवढंच राहिलं.

बाग दोघा भावांची, मध्ये हद्दीचा जांभ्या दगडांचा गडगा. मृणालीचा बाप मुंबईहून फिरकत नाही असं बघून धाकूनं एका उन्हाळ्यात गडगा पलीकडे सरकवला होता. भावाची हापूसची चांगली कलमं अलीकडे आली. जुन्या गडग्याचा पाया मातीखाली तसाच राहिला, आणि जमीन घट्ट म्हणून या पोरीनं दुर्बीण नेमकी तिथंच रोवली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"तारे बघूक येवढ्या लांब कोण येता गो?" त्यानं बायकोला विचारलं. "भावानं जमीन मोजणीला धाडलान तिला."

"तुमचा आपला कायतरीच," मथुरा म्हणाली खरी, पण तिनंही उठून गडग्याकडे एकदा बघून घेतलं.

मृणालीला पिटाळायचा उपाय सोपा होता. मोहराच्या दिवसांत बागेत धूर करतातच. तिन्हीसांजेला धाकूनं दुर्बिणीच्या वाऱ्याकडच्या बाजूला वाळक्या पानांचा पातेरा पेटवला आणि काही न झाल्यासारखा येऊन उभा राहिला. संगणकाच्या पडद्यावरचा तारा चुलीवरच्या भातासारखा खदखदू लागला. मृणालीनं वायरी तपासल्या, कॅमेरा पुरेसा थंड आहे ना ते पाहिलं. मथुरा चहा घेऊन आली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"काका, जवळपास काही पेटवलंय का?"

"त्यात दिसला?" धाकूनं चटकन विचारलं.

"दिसणारच की! हा काही सोडत नाही."

झालं! इतके दिवस दाबून धरलेलं भडाभडा बाहेर आलं. "सांग तुझ्या बापाला, गडगा व्हता थयच हाय! हातभरसुदा सरकवलेला नाय मी!"

मथुरानं कपाळावर हात मारला.

मृणाली आल्यापासून आभाळाकडेच बघत होती. आता तिनं मान खाली केली आणि गडग्याकडे नीट पाहिलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "आधी कुठं होता?"