खालचा खण

सलिमाने भट्टीतल्या दोन्ही जाळ्या बाहेर ओढल्या आणि जुन्या वर्तमानपत्रावर उभ्या टेकवून ठेवल्या.

पिंजऱ्यातल्या लव्हबर्डना जळक्या तुपाचा धूर सोसत नाही.

सूर्यमाळ गावात बियाणं चुलीवरच्या फळीवर राहतं. गाठोडं जितकं काळं, तितकं आतलं बी निर्धास्त.

तीन फेजचं कनेक्शन सलिमाच्या नवऱ्याने, हारुनने, वेल्डिंगसाठी घेतलं होतं, नानकटाईसाठी नव्हे.

भिंतीवरच्या कागदात 'दाराभोवतीची पट्टी घासू नये' याखाली लाल पेनाने दोन रेघा.

ईद नऊ दिवसांवर.

*

भट्टी म्हणजे विजेची मोठी शेगडी. वर काचेचा सपाट माथा, मध्ये ओव्हन, खाली पायाशी एक रुंद खण. ठाण्यात कुणाच्या तरी बंगल्यातलं स्वयंपाकघर मोडलं, तेव्हा हारुनने ती टेम्पोत घालून जव्हारला आणली आणि आपल्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत बसवली. गेली दोन वर्षं सलिमा तिच्यावर नानकटाई भाजत होती. दोन वर्षांचं तूप आतल्या भिंतींवर तपकिरी होऊन बसलं होतं आणि आता प्रत्येक घाण्याला जळका वास धरत होता.

भट्टी आतलं तूप जाळून स्वतःला साफ करते, हे तिला ठाऊक होतं. पण एक बटण दाबलं की आत काहीतरी पेटणार आणि दार आपोआप कुलूपबंद होणार, या गोष्टीला तिचं मन धजत नव्हतं. शेवटी नाशिकला शिकणारी तिची मुलगी कशफ एका रविवारी घरी आली, इंग्रजी पुस्तिका वाचली आणि वहीच्या कागदावर मराठीत आठ मुद्दे लिहून कागद भिंतीला चिकटवून गेली.

१. भट्टी पूर्ण गार असताना सुरुवात करावी.

२. जाळ्या बाहेर काढाव्यात. आत राहिल्या तर काळ्या पडतात.

३. तळाशी सांडलेलं तूप पुसून घ्यावं. नाहीतर फार धूर होतो.

सोमवारी सकाळी सलिमा एकेक मुद्दा वाचत होती आणि एकेक काम करत होती. ओल्या फडक्याने तिने तळ पुसला. पट्टीला हात लावला नाही. खालच्या खणात चौकोनी ट्रे एकावर एक रचलेले होते, तेही काढले.

हारुन पक्ष्यांचा पिंजरा उचलायला आला.

"सातवा मुद्दा मी वाचला," तो म्हणाला. "पाखरं बाहेर न्यावीत. नाहीतर तुझी भट्टी साफ आणि माझी जोडीही साफ."

"घेऊन जा. आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांत ठेवू नका."

"मी काय वेडा आहे?"

"ते मी सांगू?"

तो हसत पिंजरा घेऊन गेला. सलिमाने बटण दाबलं. आत कुठेतरी खट्‌ झालं आणि कुलपाचा लाल दिवा लागला. काचेवर तीन तास दिसू लागले. दोन एकोणसाठ. दोन अठ्ठावन्न. ती खिडकीशी डबे पुसत बसली.

सव्वा तास जुनं तूप जळत राहिलं. मग त्या वासाखालून दुसरा वास आला. गोडसर, ऊबदार. तान्ह्या मुलासाठी सत्त्व करताना नागली, म्हणजे नाचणी, भाजतात, तेव्हा येतो तो. शेजारी कुणाचं बाळंतपण आहे, याचा ती विचार करू लागली. उठून तिने खिडकीबाहेर डोकावलं. भर दुपारची गल्ली, कुणाच्याच घरी काही शिजत नव्हतं.

मग तिने वळून खाली पाहिलं.

फडकं हातात धरून तिने खण ओढला. खण तापलेला होता. ट्रे काढले होते, त्यामुळे पुढची बाजू रिकामी दिसत होती. अगदी मागे, कोपऱ्यात दडपलेलं, जुन्या फुलाफुलांच्या लुगड्याचं गाठोडं होतं.

६. खालचा खण रिकामा करावा. मागेही हात घालून बघावं.

*

गाठोडं फागीचं.

उन्हाळ्यात सूर्यमाळची विहीर आटली की फागी जव्हारला लेकीकडे, सुकीकडे, उतरते आणि पावसापर्यंत सलिमाकडे नानकटाई वळायला येते. भट्टी यायच्या आधीपासूनचं हे, अकरा वर्षं झाली. ती नानकटाई वळताना बोलते आणि सलिमा भाजताना ऐकते. भट्टीला फागीने 'शेठाणी' असं नाव ठेवलेलं आहे.

यंदा फागीला घरकुल मंजूर झालं. जुनं कुडाचं घर मोडलं, त्याबरोबर चूलही मोडली आणि चुलीवरची फळीही गेली. घरची माणसं आंब्याखाली ताडपत्री टाकून राहू लागली. ताडपत्रीखाली उंदीर. म्हणून एप्रिलमध्ये फागी बियाणं घेऊन आली होती. तीन किलो लाल नागली, सासूने पोशेऱ्याहून माहेरची म्हणून आणलेली. ही दसऱ्याच्या आधी पिकते. सूर्यमाळच्या माळावर पाणी लवकर सरतं, तिथे उशिरा पिकणारी नागली नुसतीच हिरवी वाढते आणि कणसात दाणा भरत नाही. बाकीच्या घरांनी आता पाकिटातलं बी घ्यायला सुरुवात केली होती. हे फक्त फागीकडे होतं.

ते गाठोडं भट्टीच्या खणात गेलं. विस्तवाजवळ बी चांगलं राहतं, हे फागीला जन्मापासून माहीत होतं.

सलिमाने ते जमिनीवर ठेवून सोडलं. तळाचं कापड तांबूस झालं होतं. खालचे दाणे काळपट, वरचे मात्र जसेच्या तसे लाल. तिने एक दाणा दाताखाली धरला. कुरकुरला.

हारुन आला आणि त्याने पाहिलं.

"हे इथं ठेवायला सांगितलं कुणी?" त्याने विचारलं.

सलिमाने काचेच्या माथ्यावरून फडकं फिरवलं. माथा गरम होता, फडक्यातून वाफ निघाली.

"वरचे दाणे चांगले दिसतात," ती म्हणाली.

*

८. साफ झाल्यावर आत चिमूटभर राख उरते. भट्टी गार झाली की ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

आतल्या भिंती नव्यासारख्या निळसर झाल्या होत्या. राख खरोखर चिमूटभरच निघाली.

त्याच संध्याकाळी तिने मलमलच्या कापडाचे चार तुकडे केले. गाठोड्याच्या तळातून, मधून, वरून आणि कडेने असे पन्नास-पन्नास दाणे मोजून घेतले, ओल्या कापडात गुंडाळले आणि ताटलीत झाकून ठेवले. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडलं. नागलीला कोंब यायला तीन दिवस पुरतात.

मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. गुरुवारी दाणे फुगून मऊ झाले होते, एवढंच.

"उद्या मोखाड्याला काम आहे माझं," गुरुवारी रात्री जेवताना हारुन म्हणाला. "तिथून लाल नागली घेऊन येतो. त्याच कापडात बांध. दाण्यासारखा दाणा. तिला काय कळणार?"

"ऑक्टोबरात कळेल."

"ऑक्टोबरात पाऊस कमी झाला म्हणेल. खत कमी पडलं म्हणेल. तुझं नाव तर नाही घेणार."

सलिमाने त्याच्या ताटात भात वाढला. नको म्हणाली नाही.

शुक्रवारी तो घेऊन आला. तिने त्यातलेही दाणे ओले करून ठेवले. दुसऱ्या सकाळी त्यांच्या टोकाला पांढरे ठिपके दिसू लागले होते. जिवंत बी होतं. ते फुलाफुलांच्या कापडात घालायला तिला दोन मिनिटं लागली असती. तिने कापड धुतलं, तारेवर वाळत टाकलं, वाळल्यावर घडी करून ओट्यावर ठेवलं. एका बाजूला फागीची नागली पातेल्यात, दुसऱ्या बाजूला बाजारातली पिशवीत, मध्ये कापडाची घडी. अकरा वाजेपर्यंत ती त्या तिन्हींच्या समोरून ये-जा करत राहिली.

*

आठवडाभर राब भाजायला, म्हणजे रोपांची जागा पालापाचोळ्याने जाळून तयार करायला, सूर्यमाळला गेलेली फागी दारातूनच बोलत आली.

"काय भाबी, शेठाणीची अंघोळ झाली वाटतं! लगीन हाय की काय तिचं?"

"झाली."

"आम्ही चूल सारवायची तर कंबर मोडते. हिला नुसतं बटन. पुढल्या जन्मी मी हीच होणार बघ."

"मग तुझं दार कोण उघडणार?"

"ते तुझं काम." फागी खाली टेकली, पदराने मान पुसली. "पाणी दे नि बी दे. जीप सुटंल. राब भाजून झालाय, राख अजून ऊन हाय. पेरून टाकते नि परवा येते तुझं वळायला."

सलिमाने पाणी दिलं. मग ती ताटली आणून फागीसमोर ठेवली आणि चारही कापडं उलगडली.

फागीने तांब्या बाजूला ठेवला. एकेका कापडावर वाकून नखाने दाणे हलवले. एक दाणा चिमटीत दाबला. त्यातून पांढरट पाणी आलं.

"कधी भिजवलंस?"

"सोमवारी."

फागीने बोटांवर दिवस मोजले नाहीत. चारही कापडं पुन्हा झाकली, जशी होती तशी.

"भट्टी साफ करायला लावली," सलिमा म्हणाली. "गाठोडं खणात राहिलं. ट्रे काढले, पण मागे हात घातला नाही."

"सगळं?"

"चारी ठिकाणचं बघितलं."

बाहेर वर्कशॉपमधलं ग्राइंडर थांबलं. हारुन दारात येऊन उभा राहिला. ओट्यावरची पिशवी त्याने उचलली आणि फागीपुढे धरली.

"फागीबाय, ही घे. मोखाड्याची आहे. हिने उगवून बघितली."

फागीने मूठभर नागली तळहातावर घेतली, चोळली, फुंकर मारली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण ही मागाहून पिकते. दाणा बघ कसा बसका. माळावर नाय भरायची."

"काहीच नसण्यापेक्षा..."

"हां. ठेवते. रान मोकळं कसं टाकायचं?"

हारुनला हलकं वाटलं असावं, कारण तो आणखी बोलला.

"पण फागीबाय, रागावू नको, भट्टीत कुणी बी ठेवतं का? दोनशे-तीनशे डिग्रीची आग तिथं."

"तुम्ही बाहेर जा," सलिमा म्हणाली.

"नाय भाबी, मिस्त्री बराबर बोलतो." फागी पिशवीच्या तोंडाला गाठ मारत होती. गाठ बसली तरी ती बोटं तिथेच फिरवत राहिली. "माझीच चूक. ठेवताना मी इचारायला पायजे होतं. चूल म्हटली की आम्हाला वाटतं, बियाला बरीच असणार."

"तेच तर," हारुन म्हणाला आणि मान हलवत परत कामाला गेला.

सलिमा उभी होती. ओट्यावरची घडी तिने उचलली, उलगडली, पुन्हा घातली. आता घडी आधीहून लहान झाली.

"फागी."

"पातेल्यातलं दळून आण," फागी म्हणाली. "भाजलेलंच हाय, भाकर गोड लागंल. अर्धं तुला, अर्धं सुकीच्या पोरांना."

"आणि तू?"

"मी आधी पोशेऱ्याला उतरते. सासूच्या भावाचा पोरगा ढवळू हाय तिथं. त्याच्याकडं मूठभर असंल तर बघते. मूठभर मिळालं तरी दोन वर्षांत वाढवता येतं."

"नसलं तर?"

फागी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू.

"तुझी जीप नाय ना सुटायची, मग सगळं आत्ताच कशाला इचारतेस?"

सलिमा तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेली. असं ती कधी जात नसे. ऊन होतं, दोघींनी पदर डोक्यावर ओढले होते. जीप निम्मी भरली होती. फागी मागच्या बाकावर खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. सलिमाने खिडकीच्या गजाला हात लावला. गज तापलेला होता तरी तिने तो सोडला नाही.

"परवा येशील ना?" तिने विचारलं.

"येईन की. एवढ्या नानकटाया तू एकटी वळणार? तुझ्या तर चपट्या होतात."

"होतात."

"हात पातळ हाय तुझा." फागीने खिडकीतून हात काढून तिच्या मनगटावर ठेवला. "जा आता. शेठाणी वाट बघत असंल."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. आणखी दोघं चढले आणि जीप निघाली.

सलिमा घरी आली. जाळ्या परत आत सरकवल्या. पहिला घाणा लावला आणि दारासमोर स्टुलावर बसून राहिली. नानकटाई फुलली, वरून तडकली, रंग बरोबर आला. कुठलाच वास धरला नव्हता. हारुन एक उचलून तोंडात टाकत म्हणाला, "बघ, झाली ना पहिल्यासारखी." तिने मान हलवली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी फागीने गाठोडं खणात सरकवलं, तेव्हा वाकल्या वाकल्याच तिने विचारलं होतं, "भाबी, आग इथवर उतरत नाय ना?" आणि पिठात हात असलेल्या सलिमाने मागे वळून न बघता सांगितलं होतं, "नाही उतरत, ठेव."