उजव्या काना, टोपी दे

“राहू दे गं. तुझ्याच्यानं नाही व्हायचं.”

लहानपणी तिनं चादरीचं टोक धरलं, की आई असं म्हणायची आणि चादर काढून घ्यायची. सतरा वर्षांच्या मुंगीच्या कानात ते अजून बसलं होतं. म्हणूनच की काय, आज तिनं शिडीच्या हातातली चादर काढून घेतली नाही.

दोघी विशेष मुलांच्या शाळेतल्या; ही टोपणनावंही तिथलीच. मुंगी सहा महिन्यांपूर्वी इस्पितळाच्या लाँड्रीत लागली. चाल मुंगीची, पण थांबणं ठाऊक नाही. शिडी नवी, ताडमाड उंच. आठ दिवस मुंगी तिला इलॅस्टिकच्या चादरीची घडी शिकवत होती. आज दहा चादरी जमल्या तर नोकरी, नाहीतर घरी, असं लाँड्रीच्या मोठ्या मावशींनी सकाळीच बजावलं होतं. पलीकडे मुंगीची आई मान खाली घालून अभ्र्यांना इस्त्री करत होती.

“कानाला कान लाव,” मुंगी म्हणाली. लाँड्रीत चादरीच्या कोपऱ्याला कान म्हणायचे.

शिडीनं चादरीचा कोपरा उचलला आणि स्वतःच्या कानाला लावला. रोज हेच व्हायचं.

“काय गं, चादरीचा फोन आला का?” सुकवणीच्या मशीनपाशी हशा पिकला.

मुंगी हसली नाही. तिनं शिडीच्या कानाशी टेकलेला तो कोपरा नीट पाहिला. मग तिनं दुसरा कोपरा शिडीच्या दुसऱ्या हातावर चढवला आणि तो हात तिच्या दुसऱ्या कानाशी नेला. शिडी कानटोपी घातल्यासारखी दिसू लागली. मुंगी गुणगुणली,

“उजव्या काना, टोपी दे,
डाव्या काना, टोपी घे,
झालर पोटात, घडी ये.”

शिडीचा उजवा हात डावीकडे आला. कोपऱ्यावर कोपरा बसला. उरलेले दोन कोपरेही तसेच. इलॅस्टिकची झालर आत गेली आणि टेबलावर वहीसारखी चौकोनी घडी पडली.

दुसरी. तिसरी. दहावीपर्यंत मशीनजवळच्या बायाही ताल धरून टोपी देत-घेत होत्या. मावशींनी घडी उलटीसुलटी केली आणि एक अ‍ॅप्रन शिडीच्या गळ्यात अडकवला. तो जेमतेम मांडीपर्यंत पोचला.

“हिच्यासाठी लांब शिवून घ्यावा लागेल,” त्या म्हणाल्या.

शिडीनं मुंगीला उचलून गरागरा फिरवलं. पाय जमिनीला टेकले, तेव्हा समोर आई उभी होती. हातात तसलीच चादर, चुरगळलेली. घरी अशा चादरीचं आई बोचकं करायची आणि कपाटात कोंबायची.

आईनं मागे वळून एकदा पाहिलं, मग आवाज खाली आणला.

“मला कधीच जमली नाही गं ही. शिकव ना.”