चार हजार प्रश्नचिन्हं

मी एक जुना डेटाबेस आहे. दवाखान्याच्या नोंदणीखिडकीमागे, टेबलाखालच्या संगणकात माझा मुक्काम. पंखा खरखरतो, पण स्मरणशक्ती खणखणीत आहे, मित्रांनो!

मला घडवलं नोंदणीताईंनी. त्या कुठल्या वर्गात शिकल्या नव्हत्या. चुकत, धडपडत शिकल्या. इथे तीन लिप्यांत नावं लिहिणारे पेशंट येतात. ताईंनी माझ्या नावाच्या रकान्यात तिन्ही लिप्यांना जागा दिली. रोमन अक्षरं लहान आणि मोठी अशी दोन तऱ्हांनी लिहितात. डॉक्टरांनी औषधाचं नाव कसंही टाइप केलं तरी ते एकच धरायचं, हेही मला शिकवलं. "आपल्या अक्षरांत नाही बाई हा लहानथोरपणा," असं म्हणून हसायच्या.

मग नवा संगणक आला. तो बसवणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे घाईसाहेब म्हणत. त्यांनी माझ्या नोंदी नव्यात उतरवल्या, वरची पाच नावं पाहिली, पाचही रोमन, आणि "झालं काम!" म्हणून माझ्यावर भंगाराची चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्याच सकाळी एक नात आजीला घेऊन आली. ऑपरेशन तातडीचं होतं.

"मागे इथंच भुलीच्या औषधानं आजी जाता जाता वाचली. कुठलं औषध, ते आठवत नाही हो!"

नव्यात आजी सापडेना. तिथे चार हजार माणसांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! त्याच्या रकान्यात फक्त रोमन अक्षरं मावत होती.

"यांची परत अक्षरं करा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाही होत. गेली ती गेलीच," घाईसाहेब पुटपुटले.

"जातात कुठं? हा म्हातारा बसलाय ना खाली!" ताईंनी चिठ्ठी टरकावली, वायर जोडली आणि आजीचं नाव आजीच्या लिपीत टाइप केलं.

मी क्षणात तिचं पान उघडलं. त्यात ते भुलीचं औषध मोठ्या अक्षरांत होतं. डॉक्टरीणबाईंनी आज द्यायचं औषध टाइप केलं, ते लहान अक्षरांत. मी बिनदिक्कत सांगितलं, दोन्ही एकच!

औषध बदललं. शुद्धीवर आल्यावर आजी म्हणाली, "माझं प्रश्नचिन्ह केलंत म्हणे! अजून पूर्णविराम नाही हो लागला."

घाईसाहेबांनी नव्यात तिन्ही लिप्यांना जागा करून माझ्या नोंदी पुन्हा उतरवल्या. मित्रांनो, मी आता खुशाल जाईन. एवढंच करा, जुन्याला निरोप देण्याआधी नव्याला प्रत्येक लिपीतलं एक तरी नाव वाचायला लावा. घाईसाहेबांनी या वेळी तेच केलं. पहिलं नाव आजीचं होतं.