माझी घडी मोडा

मी एक जुने जाजम आहे, ग्रामसभेचे. मित्रांनो, नाक धरू नका. हा वास माझा नाही, उंदरांचा आहे.

१९९४ साली पंचायतीने मला वसमतच्या बाजारातून आणले. कुरुंद्याच्या पलीकडे आमचे गाव. पाटील गल्ली, तांडा, भीमनगर, सगळे माझ्यावर बसत. चपला बाहेर काढायच्या, आणि बोलणारा खाली बसेपर्यंत दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही, असा उत्तमराव गुरुजींनी घातलेला नियम होता. तो सरपंचालाही लागू होता. तांड्यावरचा धनसिंग आणि भीमनगरची केशरबाई नळाच्या जागेवरून कडाकडा भांडत. प्रत्येकाला नळ आपल्या दारी हवा. तीन सभा गेल्या, आणि तांडा व भीमनगर यांच्या मधोमध, लिंबाखाली जागा ठरली. दोघांनाही ती पटली नव्हती, तरी दोघांनी मानली. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पुढे गुरुजी वारले आणि नव्या मंडळींना सभेचा कंटाळा आला. शिपाई जळबा सभेचे रजिस्टर घेऊन सह्यांसाठी घरोघर फिरू लागला. केशरबाई तेव्हा साक्षरता वर्गात नाव लिहायला शिकली होती. ती हौसेने सही करी. जळबा ऑफिसात हसत सांगायचा, "बाई इचारते, सभा कवा झाली? म्या म्हनलं, तुमी सही केली की झाली!"

माझ्यावाचून सभा! कपाटामागे पडल्यापडल्या माझा नुसता संताप व्हायचा. पण जाजमाचे कोण ऐकतो? अशी सहा वर्षे गेली.

२००३ च्या उन्हाळ्यात नळ आला, तो थेट सरपंचाच्या चुलतभावाच्या गोठ्यापाशी. केशरबाई रिकामी घागर घेऊन पंचायतीत आली. जळबाने जागा बदलल्याचा ठराव दाखवला. खाली तिचीच सही होती, चांगली वळणदार. मग तिने घागर ठेवली, मला ओढून काढले आणि एकटीने पटांगणात अंथरले. माझी सगळी भोके चारचौघांत उघडी पडली.

"काय करून राहिली, केशरबाई?" जळबाने विचारले.

"सभा. बोलाव समद्यांला."

"कोन्ही येनार न्हाई."

"न्हाई तर न्हाई. म्या बसते."

दुपार कलली तरी ती एकटीच होती. मग धनसिंग आला. तो जरा घुटमळला, त्याने चपला काढल्या.

"माझीबी सही हाय त्या ठरावावर," तो खाली बसत म्हणाला. "उठ अन् बोल. तू बसेपर्यंत मी मधी तोंड घालनार न्हाई."

मित्रांनो, दोघांनी सभा होत नाही, एवढे मलाही कळते. नळ अजून गोठ्यापाशीच आहे. तुम्ही म्हणाल, जुनी वस्तू जपून ठेवावी. जपूनच तर माझे हे हाल झाले! मला झटकून घडी घालू नका. माझ्यावर बसा, भांडा, मला मळवा. अजून पुष्कळ जागा रिकामी आहे. चपला तेवढ्या बाहेर काढा.